माफी कुणी मागायची, कुणी करायची?

(सुरतमधल्या मराठी विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलं आहे.)



कोरोनाचा विषय काढला की आपल्याकडे दोन वाक्यं ऐकू येतात. एक, 'जाऊ दे ना आता, झालं ते झालं.' दुसरं, 'मरेपर्यंत विसरणार नाही.' बऱ्याचदा एकच माणूस दहा मिनिटांच्या अंतरानं ही दोन्ही वाक्यं बोलतो. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली, कुठल्याही ओट्यावर बसा आणि बघा.

मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी आहे, एम.ए.च्या पहिल्या वर्षाला. २०२० साली दहावीचा शेवटचा पेपर दिला आणि आठवड्याभरात सगळं बंद झालं. तेव्हा जे निर्णय घेतले गेले, त्यातला एकही माझ्या पिढीला विचारून घेतलेला नव्हता. त्यांचे परिणाम मात्र आमच्या घरात अजून आहेत. म्हणून आज मला एवढंच विचारायचं आहे, की या सगळ्याची माफी कुणी मागायची आणि कुणी करायची?

हा प्रश्न फक्त आपल्याला पडलेला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये एमिली ऑस्टर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी 'द अटलांटिक'मध्ये लेख लिहिला. तेव्हा कुणालाच पूर्ण माहिती नव्हती, सगळे अंधारात चाचपडत होते, तर आता एकमेकांना माफ करून टाकू आणि पुढे जाऊ, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर दोन्ही बाजूंनी प्रचंड गदारोळ झाला. शाळा बंद ठेवल्या म्हणून चिडलेले चिडले, आणि ज्यांची माणसं गेली तेही चिडले.

मला त्यांचं अर्धं म्हणणं पटतं. अंधारात चुकलेल्याला माफ करावं, हे खरंच आहे. पण 'एकमेकांना' या शब्दापाशी मी अडतो. आपण सगळे एकाच उंचीवर उभे होतो का? हुकूम काढणारा आणि हुकूम पाळणारा एकमेकांना माफ करतात, असं म्हणता येतं का?

आपल्या सुरतेचंच बघा. २४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि रात्री बारापासून देश बंद. मधे चार तास. पाचच दिवसांनी, २९ मार्चला, 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी या कठोर निर्णयांमुळे झालेल्या त्रासाबद्दल देशाची, विशेषतः गरिबांची क्षमा मागितली. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण विरोधक ते विसरतात. क्षमा मागितली गेली होती, आणि ती मागणं ही चांगलीच गोष्ट होती.

पण पुढे काय झालं? १० एप्रिलच्या रात्री लसकाणा भागात यंत्रमागावरचे कामगार रस्त्यावर आले. त्यात ओडिशाचे पुष्कळ होते. मागणी काय, तर पगार द्या नाहीतर घरी जाऊ द्या. गाड्या पेटल्या, अटका झाल्या. १४ एप्रिलला वराछात पुन्हा जमाव. ४ मेला कडोदऱ्याजवळ वरेलीत अश्रुधूर. म्हणजे ज्यांची क्षमा मागितली, त्यांच्यावरच पुढच्या दोन महिन्यांत गुन्हे दाखल होत होते.

जाळपोळ करा असं मी म्हणत नाही. भाजीच्या गाडीवाल्याचा त्यात काय दोष? पण सर्वोच्च न्यायालयानं ९ जून २०२० ला सांगितलं, की लॉकडाऊनमध्ये रस्त्यानं गावी निघाले म्हणून स्थलांतरित मजुरांवर जे गुन्हे लावले, ते मागे घेण्याचा विचार करा. उत्तर प्रदेश सरकारनं ऑक्टोबर २०२१ मध्ये लॉकडाऊन मोडल्याचे तीन लाखांहून जास्त गुन्हे मागे घ्यायचा आदेश काढला. महाराष्ट्रातही २०२२ मध्ये असा निर्णय जाहीर झाला. माझ्या मते ही खरी माफी. भाषणात मागितली त्यापेक्षा ही जड, कारण तिला कागद लागतो, सही लागते, आणि तिनं कुणाची तरी तारीख सुटते.

आता एक कायदा सांगतो. आमच्या अभ्यासक्रमात तो एका ओळीत येतो, पण मूळ कायदाच जेमतेम चार कलमांचा आहे. १८९७ चा साथरोग कायदा. मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केला, आणि २०२० मध्ये आपण तोच वापरला. त्याच्या तिसऱ्या कलमात हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा आहे. चौथ्या कलमात, सद्भावनेनं हुकूम बजावणाऱ्यावर खटला चालवता येणार नाही, असं संरक्षण आहे. म्हणजे एका बाजूची माफी कायद्यातच आगाऊ लिहून ठेवली आहे. दुसऱ्या बाजूला ती अर्ज करून, वकील लावून, कोर्टाच्या पायऱ्या झिजवून मिळवावी लागते.

साथीत काम करणाऱ्याला संरक्षण हवंच. नाहीतर कुठला डॉक्टर, कुठला तलाठी पुढे येईल? माझा त्याला विरोध नाही. पण संरक्षण दिलं म्हणजे प्रश्नच विचारायचा नाही, असं होत नाही. खटला वेगळा आणि जाब वेगळा.

त्याच १८९७ सालची आपल्या पुण्याची गोष्ट. रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीनं घराघरांत सोल्जर घुसवले. देवघरापर्यंत, माजघरापर्यंत. २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण त्याच महिन्यांतली दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विश्वास ठेवून त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात सांगितलं, की सोल्जरांनी पुण्यातल्या दोन बायकांवर अत्याचार केले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रं पाठवणाऱ्यांची नावं त्यांनी उघड केली नाहीत, आणि आरोप सिद्ध करता आला नाही. तेव्हा त्यांनी जाहीर, बिनशर्त माफी मागितली. त्यावरून आपल्याच लोकांनी त्यांची चामडी सोलली. भित्रा म्हटलं.

आता हिशोब मांडा. टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा. चापेकर फासावर. गोखल्यांची जाहीर माफी. आणि सरकार? घरं उपसली, माणसं छावण्यांत नेली, लोकांच्या जिव्हारी लागेल असं वागले, त्याची जाहीर माफी सरकारनं मागितली नाही. त्या सगळ्या प्रकरणात माफी मागितली ती एका प्रजाजनानं. साथीतली माफी बहुतेक वेळा खालून वर जाते. वरून खाली क्वचितच येते.

मग ती खाली येऊच शकत नाही का? येते. त्याचं उदाहरण शोधायला फार लांब जायची गरज नाही. सुरतच आहे.

सप्टेंबर १९९४. आधी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग आढळला, आणि नंतर सुरतेत फुप्फुसाचा. तापीचं पाणी नुकतंच वेडरोडच्या वस्त्यांमधून ओसरलेलं. त्या वस्त्यांत आपले खानदेशी, मराठवाड्याचे लोक पुष्कळ. पन्नासच्या आसपास माणसं गेली, आणि काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून पळाले. खाजगी दवाखान्यांना कुलपं लागली, कितीतरी डॉक्टरच निघून गेले. तो प्लेगच होता की नाही, यावर तज्ज्ञांचा वाद पुढे कितीतरी वर्षं चालला. आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं अजून सांगतात, तेव्हा सुरतेहून आलेल्याला गावात कुणी पाणीसुद्धा देत नव्हतं.

एवढं होऊनही आज सुरतेत १९९४ वरून कुणी कुणाशी भांडत नाही. का नाही? माझ्या मते त्याचं कारण १९९५ मध्ये आहे. मे महिन्यात एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. शहराचे सहा झोन केले, प्रत्येक झोनच्या अधिकाऱ्याला आयुक्ताचे अधिकार दिले, आणि सगळ्या साहेबांना रोज सकाळी रस्त्यावर उतरवलं. 'एसी टू डीसी' म्हणायचे त्याला. वातानुकूलित खोलीतून रोजच्या कामात. बेकायदा बांधकामं पाडली ती आधी मोठ्यांची. रात्रीची झाडलोट सुरू झाली. गटारं, पाणी, हॉटेलांची तपासणी. दोनेक वर्षांत देशातल्या सगळ्यात घाणेरड्या शहराचं नाव स्वच्छ शहरांत घेतलं जाऊ लागलं.

कुणी स्टेजवर उभं राहून 'आमचं चुकलं' म्हणालं नव्हतं. पण झाडू निघाला तेव्हा चूक कुठे होती ते सगळ्या शहराला दिसलं. चूक कबूल झाली, दुरुस्त झाली, आणि मग लोकांनी ती सोडून दिली. याला मी माफी म्हणतो.

२०२१ चं तसं झालं नाही. एप्रिल महिना आठवा. स्मशानातल्या गॅसच्या भट्ट्या इतक्या चालल्या, की त्यांच्या लोखंडी चौकटी वितळल्या. त्याच महिन्यात रेमडेसिव्हिरसाठी रांगा होत्या. सी. आर. पाटील, म्हणजे आपल्यातलाच खानदेशी माणूस, तेव्हा सत्ताधारी पक्षाचे प्रदेशाध्यक्ष होते. त्यांनी पाच हजार इंजेक्शनं पक्षाच्या कार्यालयातून मोफत देण्याची घोषणा केली. ती आली कुठून, असं पत्रकारांनी विचारलं तेव्हा मुख्यमंत्री म्हणाले, पाटलांनाच विचारा. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. आपल्या वस्त्यांत यावरून दोन तट पडले. ज्याला इंजेक्शन मिळालं तो म्हणतो, देवासारखा माणूस. ज्याला मिळालं नाही तो म्हणतो, औषध दवाखान्यात मिळायचं की पक्षाच्या ऑफिसात? दोघंही खरं बोलतात. आणि जागतिक आरोग्य संघटनेनं तर नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितलं होतं, की दवाखान्यातल्या रुग्णांना हे औषध देण्याची शिफारस आम्ही करत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी लोकांनी दागिने मोडले, त्याचा उपयोग किती हाच प्रश्न होता. हे रांगेतल्या माणसाला वेळेवर, त्याच्या भाषेत, कुणी सांगायला हवं होतं?

मृत्यूंचं तेच. गुजरातचा अधिकृत आकडा दहा हजारांच्या आसपास. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पन्नास हजारांची मदत सुरू झाली, तेव्हा २०२२ च्या सुरुवातीपर्यंत मंजूर झालेले दावेच पासष्ट हजारांच्या वर. मदतीची व्याख्या जास्त व्यापक होती, हे मला माहीत आहे. पण मग त्या व्याख्येनं गेलेली माणसं पहिल्या आकड्यात का नव्हती, हे विधवेला पैसे देताना कुणी समजावून सांगितलं का? पैसे मिळाले. उत्तर मिळालं नाही.

आता सीमेबद्दल बोलतो. हे पान वाचणाऱ्या सगळ्यांना सीमा म्हणजे काय ते सांगायला नको.

नोव्हेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रानं गुजरातहून येणाऱ्यांना आरटीपीसीआर सक्तीची केली. १ एप्रिल २०२१ पासून गुजरातनं बाहेरून येणाऱ्यांना तीच सक्ती केली. मे महिन्यात महाराष्ट्रानं नियम आणखी कडक केला, कुठल्याही वाहनानं या, ४८ तासांच्या आतला रिपोर्ट पाहिजे. दोन्ही सरकारांनी एकमेकांच्या माणसांना आजाराचा उगम ठरवलं. आणि आपण? आपण दोन्हीकडचे. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. लोक तिथं कौतुकानं फोटो काढतात. आपलं घरही तसंच आहे, त्याचा फोटो कुणी काढत नाही.

माझी आजी साक्री तालुक्यातल्या आमच्या गावी मे २०२१ मध्ये वारली. वडील इथे कापडाच्या मिलमध्ये कामाला. फोन आला तसे ते मोटरसायकलवर निघाले. बारडोली, व्यारा, सोनगड. सीमेवरच्या एका नाक्यावर थांबवलं. रिपोर्ट नव्हता, आणि तो तेव्हा हातात यायला दोन-तीन दिवस लागायचे. ४८ तासांचा नियम आणि तीन दिवसांचा रिपोर्ट, करा हिशोब. चार तास ते तिथे उभे होते. मग परत आले. आईचा अग्नी त्यांनी मोबाईलवर पाहिला.

काकांनी त्यांना एकच वाक्य ऐकवलं, अहिराणीत. "माय गई, तू उना नही." आई गेली, तू आला नाहीस. काकांचं म्हणणं होतं की शेतातल्या वाटेनं यायचं, सगळे येत होते. वडिलांचं म्हणणं होतं की गावात साथ घेऊन गेलो असतो तर? दोन वर्षं दोघं भाऊ बोलले नाहीत. दिवाळीला फोन यायचा तो आईला.

२०२३ मध्ये चुलत बहिणीच्या लग्नात काका वडिलांच्या शेजारी पंगतीला येऊन बसले. म्हणाले, नियम काय तू केला होता का? वडील काही बोलले नाहीत. काकांनी त्यांच्या पानात जिलेबी वाढली. मिटलं.

घरातल्या सगळ्यांना बरं वाटलं, मलाही वाटलं. पण त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ज्या दोघांनी एकमेकांना माफ केलं, त्यात गुन्हेगार कुणीच नव्हता. ज्यांनी ४८ तासांचा नियम केला, ज्यांनी तीन दिवसांत रिपोर्ट दिला, ज्यांनी मयतीसाठी वेगळी वाट ठेवायचा विचार केला नाही, ते त्या पंगतीत नव्हते. त्यांना कुणी विचारलंही नाही.

मला आज सांगायचं आहे ते हेच. सरकार जेव्हा उत्तर देत नाही, तेव्हा भांडण संपत नाही, ते खाली उतरतं. भावाभावांत, जावाजावांत, सोसायटीत. लस घेतलेला आणि न घेतलेला, मास्कवाला आणि बिनमास्कवाला, इकडचा आणि तिकडचा. मग आपणच एकमेकांवर रागावतो आणि आपणच एकमेकांना माफ करतो. वरच्या मजल्यावरचं भांडण तळमजल्यावर मिटवतो.

कुणी म्हणेल, साथीत सीमा बंद कराव्याच लागतात. लागत असतील. पण कशा? मार्च २०२० मध्ये कर्नाटकानं केरळच्या कासरगोडकडून मंगळूरला जाणारा रस्ता अडवला. उपचाराला निघालेले रुग्ण अडकले, काही दगावले. केरळ उच्च न्यायालयानं सांगितलं, की उपचारासाठी जाणाऱ्याला असं अडवणं त्याच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे. म्हणजे साथीतसुद्धा सीमेवर काय चालतं आणि काय चालत नाही, हे ठरवता येतं. आणि उलट उदाहरण आपल्या शेजारचं, नंदुरबारचं. तिथल्या प्रशासनानं पहिल्या लाटेनंतरच ऑक्सिजनचे प्लांट उभे केले, आणि दुसऱ्या लाटेत शेजारच्या राज्यांतले रुग्णसुद्धा तिथे उपचाराला गेले. त्यांच्या ऑक्सिजनला राज्य नव्हतं.

ब्रिटनमध्ये एका निवृत्त न्यायाधीश बाईंपुढे कोविडची जाहीर चौकशी चालली. डिसेंबर २०२३ मध्ये माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन तिथे शपथेवर बसले, ज्यांची माणसं गेली त्यांच्यासमोर दिलगिरी व्यक्त केली, आणि वकिलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. तिथल्या कितीतरी लोकांनी ती माफी स्वीकारली नाही. तो त्यांचा हक्क. पण स्वीकारायला किंवा नाकारायला समोर काहीतरी होतं. आपल्याकडे देशपातळीवर अशी चौकशी झाली नाही. त्यामुळे आपल्याला 'माफ केलं' म्हणता येत नाही आणि 'माफ करणार नाही' असंही धड म्हणता येत नाही. समोर कुणी उभंच नाही.

मग मागायचं काय? मी तीन गोष्टी सुचवतो. तुम्ही भर घाला, नाहीतर खोडून काढा.

पहिली. लॉकडाऊन मोडल्याचे, गावी जायला निघाल्याचे जे गुन्हे सुरत शहरात आणि जिल्ह्यात दाखल झाले, त्यांची यादी जाहीर करा. किती मागे घेतले, किती चालू आहेत, ते सांगा. आपल्या वस्तीत कुणाची तारीख अजून पडत असेल, तर आज बैठकीनंतर मला भेटा.

दुसरी. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन सरकारांनी पुढच्या साथीसाठी आत्ताच लिहून ठेवावं, की मयत, बाळंतपण आणि उपचार या तीन कारणांसाठी सीमेवर माणूस अडवला जाणार नाही. नाक्यावरच तपासणी करा, मास्क द्या, सोबत माणूस द्या, पण जाऊ द्या. नियम ४८ तासांचा असेल तर रिपोर्टही ४८ तासांच्या आत द्यायची जबाबदारी सरकारची.

तिसरी. प्रभागाप्रभागात एक जाहीर सुनावणी. शिक्षा करायला नाही. ज्याचं माणूस गेलं त्यानं बोलावं, ज्यानं ड्यूटी केली त्या नर्सनं, पोलिसानं, सफाई कामगारानंही बोलावं. त्यांनीही भोगलंय. नाक्यावरचा तो शिपाई, ज्यानं वडिलांना परत पाठवलं, तोही कदाचित स्वतःच्या घरी जाऊ शकत नव्हता. त्याच्याशी माझं भांडण नाही. पण त्याला तसा हुकूम देणारानं येऊन सांगावं, की तेव्हा आम्हाला काय माहीत होतं, काय नव्हतं, आणि आता काय वेगळं करू.

एवढं केलं तर आपण माफ करणारी माणसं आहोत. सुरत माफ करतं, हे या शहरानं १९९४ नंतर दाखवून दिलंय. फक्त कुणीतरी आधी झाडू हातात घ्यायला हवा.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. मतभेद असतील तर आधी ते सांगा.